विश्लेषण : दुभाषी आणि संगणकातील ‘इंटरप्रिटर’ एकच काम करतात का? भाषांतराच्या ॲपवर किती भरवसा ठेवावा?

माढा तालुक्यातील परितेवाडी हे छोटे गाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगभरच्या बातम्यांत झळकले. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार लंडनमधून जाहीर झाला. फाउंडेशनने त्यांच्या कामाची जी माहिती दिली, तिच्यात भाषेचा मुद्दा ठळकपणे होता. पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत नव्हती. डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकांतील मजकूर त्या भाषेत आणला आणि पानांवर क्यूआर कोड छापून त्यांना ध्वनिफिती व चित्रफिती जोडल्या, असे त्यात नमूद होते.

पुस्तकाची भाषा आणि मुलांची भाषा यांच्यामध्ये इथे एक माणूस उभा राहिला. कागदावरचे काळे-पांढरे चौकोन आणि त्यामागची चित्रफीत यांच्यामध्ये मोबाइलमधील प्रोग्राम उभा राहिला. दोन बाजूंना एकमेकांचे कळत नसेल तर मध्ये असा कोणीतरी लागतोच. माणूस असेल तर आपण त्याला दुभाषी म्हणतो. संगणकात एका विशिष्ट प्रकारच्या मधल्या प्रोग्रामला ‘इंटरप्रिटर’ हेच नाव आहे. आता या दोघांच्या जोडीला बोललेले तत्काळ दुसऱ्या भाषेत ऐकवणारी एआय ॲप आली आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी आणि उर्दू या पाच भाषा रोज कानावर पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात या तिघांतील फरक ओळखणे उपयोगाचे आहे. चूक झाली तर ती कळणार कशी, या एका प्रश्नावर हा सगळा फरक उभा आहे.

दुभाषी आणि अनुवादक यांत फरक काय?

अनुवादकासमोर लिहिलेला मजकूर असतो. तो शब्दकोश पाहू शकतो, एखादे वाक्य चार वेळा बदलू शकतो, जाणकाराला दाखवू शकतो. काम संपले की हातात एक कागद उरतो आणि तो मूळ कागदाशेजारी ठेवून कोणालाही तपासता येतो.

दुभाष्याचे काम तिथल्या तिथे चालते. समोरचा बोलतो, दुभाषी ऐकतो आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगतो. यातही दोन पद्धती आहेत. पहिलीत बोलणारा दोन-चार वाक्ये बोलून थांबतो आणि मग दुभाषी बोलतो. दुसरीत बोलणे सुरू असतानाच कानाला हेडफोन लावून दुभाषी सोबत बोलत राहतो. ही दुसरी पद्धत जगासमोर ठळकपणे आली ती २० नोव्हेंबर १९४५ पासून जर्मनीतील नुरेम्बर्ग येथे चाललेल्या नाझी नेत्यांवरील खटल्यात. तिथले कामकाज इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी चालले. बोलणाऱ्याचा वेग वाढला की पिवळा दिवा लागे. लाल दिवा लागला की त्याने थांबायचे. आज लोकसभेत मराठीसह अनेक भारतीय भाषांत अशी सोय आहे. संविधानाच्या अनुच्छेद १२० नुसार हिंदी किंवा इंग्रजीत नीट व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. बोलणे हवेत विरते. मुद्दाम ध्वनिमुद्रण केले नसेल तर दुभाषी नेमके काय म्हणाला, हे नंतर तपासता येत नाही.

मग दुभाष्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारे?

हा प्रश्न जुना आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. त्याच्यासोबत कंपनीचा दुभाषी होता, नारायण शेणवी. ऑक्झिंडेनच्या नोंदीनुसार, दरबारात गर्दीतून महाराजांचे लक्ष वेधण्यासाठी नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली ती नारायण शेणवीने. ती पाहून महाराजांनी त्यांना जवळ बोलावले. म्हणजे दुभाष्याचे काम शब्द बदलून देण्यापुरते नव्हते. दरबाराची रीत काय आणि कोणत्या क्षणी काय करायचे, याचेही भान त्याला ठेवावे लागे.

अशा माणसाच्या हातात मोठी ताकद असते, कारण तिथे दोन्ही बाजूंचे पूर्ण बोलणे कळणारा तो एकटाच असतो. तो काही गाळू शकतो, सौम्य करू शकतो, पदरचे घालू शकतो. म्हणूनच कायद्याने दुभाष्याला साक्षीदाराच्या रांगेत बसवले आहे. शपथ अधिनियम, १९६९ नुसार साक्षीदाराप्रमाणे न्यायालयातील दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. फौजदारी खटल्यात दुभाष्याने खरे तेच भाषांतर सांगणे बंधनकारक आहे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३१७ मध्ये आहे.

संगणकाला दुभाषी कशाला लागतो?

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त त्याची स्वतःची यंत्रभाषा कळते. ती म्हणजे शून्य आणि एक यांत मांडलेल्या, अगदी बारीक बारीक सूचना. सुरुवातीला प्रोग्राम लिहिणारे लोक याच पातळीवर काम करत. ते किचकट होते आणि चुकाही खूप होत. म्हणून माणसाला वाचता येतील अशा भाषा तयार झाल्या आणि त्यांचे यंत्रभाषेशी नाते जोडणारे प्रोग्राम आले.

हे नाते दोन प्रकारे जोडता येते. एकात पूर्ण प्रोग्राम आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवायचा. या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये या दिशेने पहिले काम केले आणि १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान भाषेचा कंपायलर आणला. दुसऱ्या प्रकारात आधी काहीच उतरवून ठेवायचे नाही. एक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ती लगेच पार पाडायची आणि पुढच्या सूचनेकडे जायचे. हा इंटरप्रिटर.

लिस्प या भाषेच्या इंटरप्रिटरची गोष्ट संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जॉन मॅकार्थी यांनी या भाषेतील सूचनांचा अर्थ कसा लावायचा, याचे नियम कागदावर मांडले होते. ते सिद्धांत म्हणून होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी तेच नियम हाताने यंत्रभाषेत उतरवले आणि इंटरप्रिटर चालू झाला. १९७५ मध्ये बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषेचा इंटरप्रिटर लिहिला आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्टची सुरुवात झाली.

आज महाराष्ट्रात अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेणारे विद्यार्थी जावास्क्रिप्ट आणि पीएचपी शिकतात. या दोन्ही भाषा इंटरप्रिटरच्या परंपरेतील आहेत. १९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी आणलेली पायथन हीदेखील त्याच घराण्यातील.

दोन्हींत फरक नेमका कुठे पडतो?

ऊस घातलेल्या शेतकऱ्याचे बिल काढणारा चार ओळींचा प्रोग्राम समजा. पहिली ओळ सांगते, वजन म्हणजे १२ टन. दुसरी सांगते, दर म्हणजे टनाला ३,००० रुपये. तिसरी ओळ पडद्यावर ‘पावती तयार’ असे दाखवते. चौथी ओळ म्हणते, बिल म्हणजे वजन गुणिले भाव. इथे गडबड आहे. वर ‘दर’ असा शब्द वापरला होता आणि खाली ‘भाव’ लिहिला गेला. ऊस उत्पादकाला दोन्हींचा अर्थ एकच वाटेल, पण संगणकाला ‘भाव’ म्हणजे काय हे कोणी सांगितलेलेच नाही.

हाच प्रोग्राम सी भाषेत लिहिला तर कंपायलर सुरुवातीलाच अडवतो. पूर्ण मजकूर तपासताना त्याला चौथ्या ओळीतील अनोळखी नाव सापडते आणि तो चालवण्याजोगा प्रोग्राम तयारच करून देत नाही. ‘पावती तयार’ हे शब्दही पडद्यावर दिसत नाहीत.

पायथनमध्ये लिहिला तर पहिल्या तीन ओळी बिनबोभाट पार पडतात. पडद्यावर ‘पावती तयार’ असे येते. मग चौथ्या ओळीवर इंटरप्रिटर थांबतो आणि सांगतो, ओळ क्रमांक ४ मधील ‘भाव’ हे नाव ओळखीचे नाही. पायथनही चालवण्याआधी मजकूर वाचून व्याकरण तपासतो, त्यामुळे राहिलेला कंस वगैरे चुका आधीच पकडल्या जातात. पण नावाचा अर्थ लावायची वेळ ती ओळ प्रत्यक्ष चालताना येते.

यातून इंटरप्रिटरचे दोन गुणधर्म दिसतात. पहिला तोट्याचा आहे. काम अर्धे होऊन थांबू शकते. पावती तयार झाल्याचे सांगून झाले, पण बिल निघालेच नाही. दुसरा फायद्याचा आहे. जिथे कळले नाही तिथे तो थांबतो आणि नेमकी जागा दाखवतो. ‘भाव म्हणजे बहुधा दरच असेल’ असा अंदाज बांधून तो पुढे जात नाही.

एक मर्यादा दोघांनाही आहे. दुसऱ्या ओळीत कोणी ३,००० ऐवजी ३०० लिहिले, तर कंपायलरही काही बोलणार नाही आणि इंटरप्रिटरही नाही. ३६,००० रुपयांच्या जागी ३,६०० रुपयांचे बिल निघेल. व्याकरण बरोबर आहे, चुकले आहे ते वास्तव. ते तपासण्याचे काम शेतकऱ्याचे आणि हिशेब पाहणाऱ्याचेच राहते.

इंटरप्रिटर हळू चालतो का?

साधारणपणे हो. एकच ओळ हजार वेळा चालवायची असेल तर सरळसाध्या इंटरप्रिटरला दर वेळी तिचा अर्थ नव्याने लावावा लागतो. कंपायलरने ते काम एकदाच करून ठेवलेले असते. सभेतील भाषण प्रत्येक गावात नव्याने दुभाष्यामार्फत सांगणे आणि एकदाच अनुवाद करून पत्रक छापणे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे.

त्या बदल्यात सोय मिळते. प्रोग्राममध्ये बदल केला की लगेच चालवून पाहता येतो. म्हणून शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी अशा भाषा आवडीच्या ठरल्या. शिवाय प्रत्यक्षात दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली आहे. पायथन आधी प्रोग्रामचे एका मधल्या, सोप्या सांकेतिक रूपात रूपांतर करते आणि मग ते रूप ओळीओळीने चालवते. २००८ मध्ये गुगलने क्रोम ब्राउझरसोबत आणलेले व्ही-८ हे इंजिन जावास्क्रिप्टचा प्रोग्राम चालू असतानाच तो यंत्रभाषेत उतरवते. अनेक गावांत तेच भाषण सांगून झालेला दुभाषी नेहमीचे परिच्छेद लिहूनच ठेवतो, तसे हे आहे.

न्यायालयात हा फरक का महत्त्वाचा ठरला?

तोंडी सांगणे आणि लिहून देणे यांतील फरकावर महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये निकाल दिला. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे ते प्रकरण. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ताब्यात घेतलेल्या व्यक्तीला कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. ती १४ टंकलिखित पानांची होती. त्या व्यक्तीला इंग्रजी येत नव्हते आणि तिने हिंदी अनुवाद मागितला. पोलीस अधिकाऱ्याने आदेश देताना मजकूर हिंदीत समजावून सांगितला होता, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. इतका मोठा आणि गुंतागुंतीचा मजकूर एकदा तोंडी ऐकून कोणालाही आपली बाजू परिणामकारकपणे मांडता येणार नाही. कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत, असे न्यायालयाने ठरवले. आदेश रद्द झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत, लेखी स्वरूपात देण्याची गरज पुन्हा अधोरेखित केली.

खटला सुरू झाल्यावर दुभाष्याचा हक्क वेगळा आहे. राज्यातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल आणि आरोपी हजर असेल, तर ती भर न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली गेली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ सांगते. म्हणजे कलबुर्गी किंवा विजयपुराकडून आलेला, फक्त कन्नड जाणणारा आरोपी सोलापूर जिल्ह्यातील न्यायालयात उभा असेल, तर हे भाषांतर त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे.

बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराबाबत कायदा आणखी पुढे गेला आहे. त्याच्या साक्षीसाठी न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचे चित्रीकरणही करायचे, अशी तरतूद आहे. दुभाष्याने लावलेला अर्थ पुढे कधी तपासावा लागला तर मूळ खुणा उपलब्ध असाव्यात, ही त्यातील सोय.

भाषांतराची एआय ॲप यात कुठे बसतात?

गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठीसाठी न्यूरल पद्धतीचे भाषांतर २०१७ मध्ये आले. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा प्रकल्प जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीतील काशी तमिळ संगमम् कार्यक्रमात पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’मार्फत तमिळमध्ये ऐकवले गेले. बोलताच दुसऱ्या भाषेत ऐकू येणे ही सोय आता साध्या स्मार्टफोनवरही मिळते. बाजारात दर विचारायला, स्टेशनवर रस्ता विचारायला ती उत्तम आहे.

तरीही ही ॲप संगणकातील जुन्या इंटरप्रिटरसारखी वागत नाहीत. पायथनचा इंटरप्रिटर ठरलेल्या नियमांवर चालतो. नियमात बसले नाही की थांबतो. एआय भाषांतर मात्र असंख्य वाक्यांतून शिकलेल्या शक्यतांवर चालते. शब्द संदिग्ध असला तरी ते सर्वांत संभाव्य अर्थ निवडते आणि सफाईदार वाक्य पुढे करते. ‘ओळ ४ कळली नाही’ असा संदेश सहसा येत नाही.

हिंदीतील ‘कल’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘काल’ही होतो आणि ‘उद्या’ही. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात परप्रांतीय मजूर दवाखान्यात आला आणि म्हणाला, ‘कल से दवा बंद’. त्याने गोळ्या कालपासून थांबवल्या आहेत, की उद्यापासून थांबवायच्या आहेत? रक्तदाबाच्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. जाणता दुभाषी इथे अडतो आणि विचारतो, ‘कल म्हणजे गेलेला की येणारा?’ ॲप एक अर्थ निवडून मोकळे होते आणि डॉक्टरांना कळतही नाही की दुसरा अर्थ शक्य होता.

असेच ‘शिक्षा’चे. हिंदीत ती शाळेत मिळते, मराठीत गुन्हा केल्यावर. कायद्याच्या इंग्रजीतील ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करण्यास परवानगी. शब्दशः केले तर त्याची ‘रजा मंजूर’ होते. संदर्भ पुरेसा असेल तर आजची ॲप यातील बरेच काही बरोबर ओळखतात. तुटक वाक्य, गोंगाट, माणदेशी किंवा सोलापुरी वळणाचे बोलणे, कन्नड-मराठीची सरमिसळ अशा वेळी मात्र चुकीची शक्यता वाढते, आणि उत्तराचा आत्मविश्वास तेवढाच राहतो.

घरातलाच माणूस दुभाषी असेल तर?

दवाखान्यात, बँकेत किंवा तहसील कचेरीत बहुतेक वेळा दुभाषी म्हणून मुलगा, सून किंवा शेजारी उभा असतो. तो भाषा जाणतो आणि विश्वासाचाही असतो. पण आजाराची वाईट बातमी त्याच्या तोंडून सौम्य होऊन येऊ शकते. सासूसमोर सांगायला संकोच वाटणारी तक्रार सुनेच्या भाषांतरात राहून जाऊ शकते. इथे मायेपोटीच मजकूर गाळला जातो. म्हणून महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी नात्याबाहेरील, दोन्ही भाषा जाणणारी परिचारिका किंवा कर्मचारी मिळतो का, हे आधी विचारलेले बरे.

वापरताना काय काळजी घ्यावी?

दुभाषी माणूस असो की ॲप, काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

• छोटी, पूर्ण वाक्ये बोलावीत. ‘कल’सारख्या शब्दाऐवजी तारीख किंवा वार सांगावा.

• ऐकणाऱ्याकडून तेच परत वदवून घ्यावे. ‘तुम्हाला काय समजले ते सांगा’ एवढा एक प्रश्न बऱ्याच चुका पकडतो. ॲपमध्ये मिळालेले भाषांतर उलट मूळ भाषेत करून पाहावे. अर्थ बदलला तर काहीतरी चुकले आहे हे नक्की. तो जुळला म्हणजे सगळे बरोबर आहे, असे मात्र समजू नये.

• औषधाची मात्रा, रक्कम, गट क्रमांक आणि तारखा तोंडी भाषांतरावर सोडू नयेत; आकड्यांत लिहून घ्याव्यात.

• संमतीपत्र, खरेदीखत, पोलीस जबाब यांवर सही किंवा अंगठा करण्याआधी मजकूर आपल्या भाषेत पूर्ण वाचून घ्यावा. शक्य असेल तिथे लेखी अनुवाद मागावा.

• न्यायालयात भाषा कळत नसेल तर तसे वकिलांना आणि न्यायाधीशांना स्पष्ट सांगावे. गप्प राहिले की कळले असेच गृहीत धरले जाते.

चांगला दुभाषी ओळखायची एक सोपी खूण आहे. तो मध्येच थांबून ‘हे नीट कळलं नाही, पुन्हा सांगता का?’ असे विचारतो. दवाखान्यात किंवा कचेरीत त्याने असे थांबवले तर वैतागू नये. न थांबता घडाघडा सगळे सांगणारा माणूस किंवा मोबाइल समोर असेल, तर थांबून विचारायचे काम आपल्याला करावे लागते.